मदत हवी आहे: दीड हजारात मेकअपचे चांगले ब्रश ठाण्यात कुठे मिळतील?

मोगरा:
मैत्रिणींनो, नमस्कार. मी नौपाड्यात राहते. पार्लरचा बेसिक कोर्स नुकताच संपला आहे आणि तुळशीचं लग्न झालं की नात्यातल्या दोघींचा साखरपुड्याचा आणि हळदीचा मेकअप मला करायचा आहे. पैसे घेणार नाहीये, पण काम पैसे घेतल्यासारखंच व्हायला हवं.

अडलंय ते ब्रशवर. पाऊचमधला चोवीस ब्रशचा सेट माझ्याकडे आहे, त्याचे केस गळतात. फाउंडेशन पसरवताना एखादा केस गालावर चिकटला आणि तो काढायला गेलं की तिथला बेसही उचलला जातो. पुन्हा थापलं की डाग दिसतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, तेही फोटोंच्या दिवशी, हे मला चालणारच नाही.

म्हणून आता सेट नको, सुटेच घ्यायचे: फाउंडेशनला सपाट डोक्याचा दाट बफिंग ब्रश, पावडरला मोठा फुललेला, ब्लशला मध्यम तिरका, डोळ्यांना एक चपटा आणि एक ब्लेंडिंगचा, आयलायनरला बारीक. कन्सीलर मी बोटानंच लावते, बोटाच्या उबेनं तो त्वचेत छान बसतो.

सगळे सिंथेटिक हवेत. बकरीच्या केसांचे ब्रश पावडर चांगली धरतात, पण फाउंडेशन पिऊन टाकतात. शिवाय प्राण्यांचे केस वापरणं मला मनापासून पटत नाही.

गावदेवी किंवा जांभळी नाक्याला असे सुटे ब्रश हातात घेऊन बघता येतात का? की सरळ क्रॉफर्ड मार्केट गाठू? वेगा आणि पीएसी या दोन ब्रँडांतलं नेमकं काय घ्यावं? आणि आयलायनरला कॅमलिनचा चित्रकलेचा बारीक ब्रश चालेल का?

कोपरीकर:
चालेल की! सिंथेटिक केसांचा, गोल टोकाचा, शून्य किंवा एक नंबरचा घे. रंगात कधीही न बुडवलेला, कोरा हवा. तैलरंगाचे राठ केसांचे ब्रश मात्र डोळ्यांजवळ नकोतच.

पैसे सगळीकडे सारखे वाटू नकोस. निम्मं बजेट बफिंग आणि ब्लेंडिंगच्या ब्रशवर घाल, काम तिथेच दिसतं. हे दोन पीएसीचे बघ, पावडर आणि ब्लशला वेगा पुरे. चपटा ब्रश साधा असला तरी भागतं.

पाचपाखाडी:
क्रॉफर्डला जरूर जा, पण सकाळी दुकानं उघडता उघडता. सीएसएमटीला उतरलीस की चालत पोचशील. दुपारच्या गर्दीत दुकानदार ब्रश नीट बघू देत नाहीत. नामांकित ब्रँडचं नाव छापलेला ब्रश कवडीमोलानं देत असतील तर नाव विसरून फक्त ब्रश बघ.

केस तळहातावर दाबून पंख्यासारखे फुलव आणि हलकेच ओढ. दोन-तीन केस हातात आले तर ठेवून दे. मग दांडा एका हातात आणि धातूची नळी दुसऱ्या हातात धरून पिळून बघ, जरा जरी हलली तर आतला गोंद कच्चा आहे. शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरव. तिथे टोचला तर पापणीवर टोचणारच.

आणि धुताना नळीत पाणी जाऊ देऊ नकोस. बेबी शाम्पूनं फक्त केस धुवायचे, पिळून टॉवेलवर आडवे ठेवायचे. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी नळीत उतरतं, गोंद सुटतो आणि चांगला ब्रशही गळायला लागतो. तुझ्या सेटचं तसं तर झालं नाही ना?

मोगरा:
नाही, तो धुण्याआधीपासूनच गळतोय. दोघींचेही खूप आभार! बफिंग आणि ब्लेंडिंगला जास्त पैसे घालायचे, हे पक्कं केलं.

आणखी एक विचारू? हळदीच्या दिवशी दोघींचा मेकअप पाठोपाठ आहे. मध्ये ब्रश धुवून वाळवायला वेळ मिळणार नाही आणि एकीचा ब्रश तसाच दुसरीला लावायचा नाहीये, त्यातून एकीच्या गालावर मुरुमं आहेत. फाउंडेशनचा ब्रश सरळ दोन घेऊ का?

कोपरीकर:
हो, तो दोनच घे. क्रीमचा ब्रश नुसता पुसून स्वच्छ होत नाही. पावडरचे आणि डोळ्यांचे मात्र आधी कोरड्या टॉवेलवर रंग जाईपर्यंत घासायचे, मग सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पूर्ण सुकू द्यायचे. पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसरीचा बेस करून होतो. ओला असताना पापणीला लावू नकोस, चुरचुरतं.