पिशवीतले टोमॅटो : मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

२०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी ग्रो बॅगा आल्या. दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच बॅगांत पुदिना नांदत होता. मुंबईत टोमॅटो होतच नाही, असं ठामपणे सांगणारे तेव्हापासून वाढलेत. होतो की! फक्त बाजारात महाग असतो त्या महिन्यांत होत नाही. पिशवीत, गोणीत, खताच्या पोत्यात कुणी लावला असेल तर इथे लिहा. मजला, खिडकीची दिशा आणि ऊन किती वेळ येतं एवढं जरूर सांगा, नाहीतर "आमच्याकडे मस्त आले" वाचून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात माझ्यापासून. मुलुंड पूर्व, तिसरा मजला, बॉक्स ग्रिल दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे ऐन हंगामात मला ऊन मिळतं. गणपती गेले की बी पेरते, दसरा-दिवाळीच्या मध्ये रोपं पंधरा इंची बॅगेत जातात, नाताळाच्या पुढे तोडणी. फळ धरायला टोमॅटोला रात्र थंड लागते, साधारण १५ ते २१ अंश. आपल्याकडे तशा रात्री डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच, त्याही उपनगरांत जास्त. कुलाब्याकडे समुद्रामुळे पारा दोन-तीन अंश वरच राहतो. मार्चमध्ये झाड फुलतं आणि फुलं देठासकट गळतात. तेव्हा खत ओतत बसू नये.

बोरिवली पश्चिम, गच्ची, दिवसभर ऊन
परदेशी व्हिडिओंत खताची पिशवी आडवी टाकतात, वरून तीन खिडक्या कापतात आणि थेट रोपं लावतात. ते इथे जमतं का बघायला मुद्दाम दोन गोण्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक नुसत्या गांडूळखताची, दुसरी एक भाग खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग लाल माती. तिकडच्या पिशव्यांत पीटसारखा हलका माल असतो, आपली गोणी म्हणजे निव्वळ खत. ऑक्टोबरच्या उकाड्यात खताच्या गोणीचा वरचा थर पापडासारखा झाला आणि आत बोट घातलं तर चिखल. झाड छातीएवढं, पानं काळपट हिरवी, फुलं नावाला. मिश्रणातलं झाड ठेंगणंच राहिलं, पण घोसाने लागलं. कोकोपीटची वीट भिजवल्यावर जे तपकिरी पाणी निघतं त्यात क्षार असतात, दोन-तीनदा धुऊन टाका. गोणीच्या खालच्या बाजूला भोकं हवीतच.

गिरगाव, चाळ, सकाळचं ऊन
कोकोपीट विकत आणायची गरज नाही. कोपऱ्यावरचा रसवाला उसाची चिपाडं फुकट देतो, उलट न्या म्हणतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर गच्चीत भाज्या पिकवून दाखवल्या, ती कल्पना तिथून घेतली. आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची वरात येते. तळाशी चिपाडं, वर घरचं कंपोस्ट, थोडी माती. गोणी हलकी राहते. चिपाडं कुजतात तशी ती खाली बसते, मग खोडाभोवती कंपोस्टची भर घालायची. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की तिथून नवी मुळं फुटतात, त्यामुळे हे बसणं पथ्यावरच पडतं.

चेंबूर, सोसायटीचं आवार
महापालिकेने २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. २०,००० चौरस मीटरच्या वरची आवारं किंवा दिवसाला १०० किलोंहून जास्त ओला कचरा, असा तो नियम. आम्ही त्यात बसतो. खताची पोती पडून असतात, कुणी नेत नाही. मी नेतो. त्यात न पेरता टोमॅटो उगवतात, कचऱ्यातल्या बियांचे. संकरित वाणाची पोरं ती, आईसारखी निघतीलच असं नाही, पण सारापुरती झाली तरी बास.
खत घेताना एक करा. मूठभर घेऊन दाबा आणि नाकाशी धरा. पहिल्या पावसाचा वास आला तर घ्या. आंबूस वास आला, डोळ्यांत झिणझिण्या आल्या किंवा पोत्यात हात घातल्यावर ऊब लागली, तर ते अजून पिकायचंय. त्यात रोप लावलंत तर मुळं भाजतील.

अंधेरी पूर्व, सातवा मजला
जानेवारीतही फुलं गळतात हो! ऊन पाच तास आहे, खत-पाणी वेळेवर. काय करू?

घाटकोपर
अंधेरीच्या ताई, कबुतरांसाठी जाळी लावली असेल ना? टोमॅटोच्या एकाच फुलात सगळं असतं, पण ते हलल्याशिवाय पराग सुटत नाही. वारा हलवतो, नाहीतर भुंगा फुलाला लटकून थरथरतो. सातव्या मजल्यावर जाळीच्या आत दोघांची वाट बघू नका. सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला टिचकी मारा. आमची लेक बॅटरीवरचा टूथब्रश टेकवते, तोही चालतो.

परळ, दुसरा मजला, पश्चिम
फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडायचा. कीड नव्हे, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून. सगळे सांगतात अंड्याची टरफलं घाला. ती विरघळायला हंगाम जातो. खरी गोम पाण्यात असते. सकाळची लोकल पकडायच्या घाईत बॅगेला घोटभर पाणी, रात्री आल्यावर बादलीभर. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, बॅग कोरडी पडली की तेही थांबतं. आता वर नारळाच्या शेंड्यांचा जाड थर देतो आणि सकाळ-संध्याकाळ सारखंच पाणी. डाग जवळपास गेले.

भांडुप
पानं वाटीसारखी वर वळून बारीक, पिवळी झाली आणि झाड खुजं राहिलं, तर तो विषाणू, पांढरी माशी पसरवते. औषध नाही. उपटा आणि पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. निंबोळी तेल माशी दिसायच्या आधीपासून, संध्याकाळी. बी घेताना 'अर्का रक्षक' बघा, त्यात या रोगाला प्रतिकार आहे.

माहीम
सेक्रेटरी आहे, त्यामुळे माझा अनुभव तक्रारवहीतला. खताचं तपकिरी पाणी खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या शर्टांवर. बॅगेखाली ताटली ठेवा, साचलेलं पाणी रोज ओता, डासांचं वेगळं प्रकरण होतं. गच्चीवर बॅगा थेट लादीवर नकोत, विटा किंवा स्टँडवर. पहिल्या पावसात गळतीचं खापर तुमच्याच टोमॅटोवर फुटणार, खरं कारण काहीही असो. आणि हो, जानेवारीत बाजारात टोमॅटो कवडीमोल असताना तुमचे पिकतात, तेव्हा पैसे वाचवायला म्हणून लावणार असाल तर राहू द्या. चवीसाठी असेल तर या, जागा दाखवतो.

अंधेरी पूर्व, सातवा मजला
घाटकोपरकर, जाळी आहे. टिचकी सुरू करते. मार्चनंतर बॅगेचं काय करायचं, तेही सांगा.

मुलुंड पूर्व
त्याच बॅगेत लगेच मिरची-वांगं नको, टोमॅटोचीच भावकी ती, रोग तिथेच सापडतात. मुळ्या झटकून काढा, थोडं ताजं कंपोस्ट मिसळा आणि लाल माठ पेरा. जूनमध्ये हळदीचा कंद लावा. पण पावसात बॅग उघड्यावर असेल तर भोकं तुंबलेली नाहीत ना, ते बघा. चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो आपल्याकडे.