नर्सिंगचं कॉलेज आणि नंतरची नोकरी: आपापले अनुभव सांगा

शिरीषफूल
भाचीची बारावी झाली, नर्सिंगची सीईटीही दिली. सरकारी कॉलेज हुकलं तर तालुक्याच्या खाजगी कॉलेजात घालायचं की पुण्या-मुंबईची फी भरायची, यावर घरात रोज खल चालू आहे. त्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी (डिग्री) हा घोळ वेगळाच. जाहिराती सगळ्यांच्याच छान. नोकरी मागायला गेल्यावर कॉलेज कुणी विचारलं का, तेवढं सांगा.

मेट्रनबाई
विचारतात ना, मीच विचारते! खाजगी हॉस्पिटलात मुलाखती घ्यायला बसते. नावाने काही ठरत नाही हो, पण मुलगी कुठल्या वॉर्डात वाढलीय ते लगेच कळतं. बीएस्सीच्या कॉलेजला १०० खाटांचं पेरेंट, म्हणजे स्वतःचं हॉस्पिटल हवं असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. त्या खाटांवर पेशंट असतात का, खरी गोम तिथे आहे.

मागच्या मुलाखतीत एका बीएस्सीवालीला विचारलं, छातीत नळी असलेल्या पेशंटला एक्सरेला नेताना आयसीडीची, म्हणजे ती नळी जिच्यात सोडलेली असते ती पाण्याची बाटली कुठे ठेवशील? म्हणाली, सलाईनच्या स्टँडला अडकवेन. मार्क उत्तम, केसबुक सुवाच्य, पण बाटली वर गेली तर त्यातलं पाणी उलटं छातीत जाईल, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. तिच्यानंतर जिल्हा रुग्णालयात शिकलेली जीएनएमची मुलगी आली. ती चटकन म्हणाली, "छातीच्या खाली धरायची मॅडम, आणि नळीला क्लॅम्प लावायचा नाही." घेतली तिला.

ब्रदर_लातूर
मॅडमचं खाजगीपुरतं खरं. सरकारी भरतीत असलं कोण विचारतंय? कॉलेजला मान्यता आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असली की झालं, पुढे पेपर सोडवा. मात्र कोर्सने फरक पडतो. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सभरतीच्या परीक्षेला, बीएस्सीवाले पास होऊन थेट बसतात, जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय ८० टक्के जागा मुलींना, त्यामुळे तुमच्या भाचीचं बरंय. आम्ही उरलेल्या २० टक्क्यांत एकमेकांच्या उरावर!

सीमाभागातली
आमच्या गावातून एजंटने गाडी भरून पोरं कर्नाटकात नेली, त्यात मीही होते. "हजेरीचं बघू, परीक्षेला तेवढं या," असा त्या कॉलेजचा कारभार. मी तिथेच राहून शिकले, तरी शेवटी अडकलेच. नोंदणी कर्नाटक कौन्सिलची, नोकरी सोलापुरात. तिकडची एनओसी (ना-हरकत पत्र) येऊन महाराष्ट्र कौन्सिलकडे नाव लागेपर्यंत हॉस्पिटलने दुसरी मुलगी घेतली होती. पुढे लागले कामाला, पण एजंटच्या तोंडून या एनओसीचं अक्षरही निघालं नव्हतं. परराज्यात घालणार असाल तर हे आधी विचारा.

दुबईकर नर्स
आखातात यायचं असेल तर कॉलेजचं ऑफिस बघून घ्या. हसू नका! तिथल्या लायसन्ससाठी डेटाफ्लोवाले (कागदपत्रं पडताळणारी कंपनी) डिग्री खरी आहे का, हे थेट कॉलेज-विद्यापीठाला विचारतात. माझ्या रूममेटचं कॉलेज मेलला उत्तरच देईना. हातात ऑफर लेटर, आणि उत्तर मिळवायला तिचा भाऊ तिकडे कॉलेजात क्लार्कच्या खुर्चीसमोर बसून.

पुणेरी_आई
एएफएमसी, आपलं पुण्याचं लष्करी वैद्यकीय कॉलेज, कुणी कसं सुचवलं नाही? तिथे बीएस्सी नर्सिंग करून वैद्यकीय तपासणीत उतरलेल्या मुली लष्कराच्या नर्सिंग सेवेत लेफ्टनंट म्हणूनच बाहेर पडतात. त्याला सीईटी चालत नाही, 'नीट' परीक्षा लागते.

शिरीषफूल
नीट दिली नाही तिने, ते दार बंद. मेट्रनताई, कॉलेज बघायला गेलो की सगळं चकाचकच दाखवतात. पेशंट आहेत की नाहीत हे आम्हाला कसं कळावं?

मेट्रनबाई
प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये बसू नका. सकाळी ओपीडीच्या वेळेला, न कळवता जा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का बघा, मग लेबर रूमबाहेर नातेवाईक दिसतात का ते. आणि तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठून विचारा, स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या. ती मैत्रिणीकडे बघायला लागली तर दुसरं कॉलेज शोधा.