मदत हवी आहे: कॅक्टस वाकलाय, कापू का?

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितेय. आमच्या गच्चीवर कुंडीत एक उभा खांबासारखा वाढणारा कॅक्टस आहे, ६ वर्षं झाली, आता जवळजवळ ३ फूट झालाय आणि एका बाजूला असा कललाय की वाऱ्यानं कुंडीसकट आडवा होतो. चूक माझीच, लावताना शेतातली काळी माती भरली, ती इथं पाणी धरून ठेवते आणि त्यात सासूबाई तुळशीला घातलं की उरलेला तांब्या ह्याला, रोज! किती सांगितलं, "जीव आहे त्याला पण" म्हणतात.

आता बुडाशी ४ बोटं तपकिरी झालंय. दाबलं तर कडक लागतं, झाडाच्या सालीसारखं, म्हणजे ते वयानं झालंय का कुज आहे? कुजलं असतं तर मऊ पडलं असतं ना?

माझा विचार असा की वरचा फूटभर तुकडा धारदार सुरीनं कापायचा, सुरी आधी स्पिरिटनं पुसून, मग तुकडा सावलीत ८-१० दिवस वाळवायचा आणि मातीत निम्मी जाड वाळू घालून लावायचा. पण आत्ता पावसाळ्यात कापू का थांबू? इथं साताऱ्याएवढा पाऊस नाही, तरी हवा दमट आहेच. आणि खालच्या बुंध्याला नवीन फुटवे येतात का कुणाचा अनुभव?

काटे टोचू नयेत म्हणून पेपरची घडी गुंडाळून धरते, हातमोज्यातनं पण घुसतात मेले.