सध्या काय ऐकताय? (अख्खा अल्बम सुचवा, सुटी गाणी नकोत)

चौथीसीट
मंडळी, रोज ठाणे ते सीएसएमटी आणि परत. कानात गाणी असतातच, पण हल्ली वैताग आलाय. एक गाणं संपलं की अ‍ॅप स्वतःच्या मनानं दुसरं लावतं. सकाळी आठ वाजता भैरवी, तिच्या पाठोपाठ ढोलताशा, मग कुणाची तरी रडकी गझल. म्हणून ठरवलंय, एक अल्बम धरायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. जुन्या एलपीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीसेक मिनिटं होतात, माझ्या प्रवासात आरामात बसतात.

नुकतंच 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) मनसोक्त ऐकून झालं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिरभैरव रागात उजाडतो आणि पहाडीत संपतो. यातले तुकडे पुढेमागे केले तर सगळी मजाच गेली. असं क्रमानं ऐकण्यासारखं काय आहे? भाषेची अट नाही. फक्त नाव टाकून पळू नका, का ऐकायचं तेही लिहा.

रेकॉर्डवाली
किशोरी आमोणकरांचा राग भूप. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'सहेला रे' सगळ्यांना पाठ असतं आणि बहुतेक लोक थेट तिथंच उडी मारतात. त्याआधीचं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, 'प्रथम सूर साधे' गाळू नका, माझ्या मते खरा ऐवज तिथं आहे. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. उरलेल्या पाच स्वरांत गाणाऱ्याला लपायला जागाच नसते. ताई गंधाराकडे किती वेगवेगळ्या वाटांनी येतात ते बघा. एवढं सगळं ऐकून झाल्यावर 'सहेला रे' सुरू होतं तेव्हा ती बंदिश वेगळीच वाटते. मोबाइलच्या रिंगटोनवर ऐकलेली ती हीच का, असा प्रश्न पडतो.

भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणजे तुमच्या परतीच्या गाडीचा. सकाळी हेच पाच स्वर हवे असतील तर देशकार आहे की.

ठेकेदार
रेकॉर्ड उत्तमच आहे, वाद नाही. पण एलपीवरचा ख्याल म्हणजे वीस-बावीस मिनिटांत कोंबलेला ख्याल. आलाप जरा कुठे रंगायला लागतो तोवर द्रुत, म्हणजे जलद लय. किशोरीताई ऐकायच्या तर मैफलीतल्या, तास-सव्वा तासाच्या. चौथीसीट, तुम्ही लोकल बदलू नका, कल्याणपर्यंत पुढे जा.

रेकॉर्डवाली
@ठेकेदार, कोंबलेला कसा काय? हातात वीसच मिनिटं आहेत हे गाणारीला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ती एकही जागा वाया घालवत नाही. मैफलीत माइकवाल्याला सूचना, तानपुरे पुन्हा जुळवणं, पुढच्या रांगेतली वाहवा, हे सगळंही त्या सव्वा तासातच असतं. मला तेही आवडतं. पण मैफलीची तहान वेगळी, रेकॉर्डची वेगळी.

मिरजकर
वीस मिनिटं कमी वाटतात होय? आमच्या खाँसाहेबांना तीन मिळायची!

७८च्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचं 'पिया बिन नाही आवत चैन' (झिंझोटी) आणि 'जमुना के तीर' (भैरवी) एवढ्या वेळातलंच आहे. अल्बम नाही, मान्य. धाग्याचा नियम मोडतोय. पण या दोन बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्यांदा नुसती खरखर ऐकू येते आणि आवाजही बारीक, चिरका वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना खरखर कान आपोआप बाजूला सारतात. मग कळतं की आवाज कुठेही न लावता-ताणता सुरावर नुसता ठेवलेला आहे. एकही स्वर दाखवण्यासाठी घेतलेला नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले, पण मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अजूनही गवई येऊन हजेरी लावतात, त्यांच्या आठवणीतच.

कुर्ला ते शीव एक तबकडी होते. गाडी सिग्नलला थांबली तर दोन.

मांडवीपार
सगळे रागदारीतच शिरलात की हो! थोडं आमच्या गोव्याकडेही या. लॉर्ना कोर्देरो आणि ख्रिस पेरी. कोंकणी गाणी, साठ-सत्तरच्या दशकातली. 'बेबदो' (म्हणजे दारुडा) लावा आधी. लॉर्ना वांद्र्याची, ख्रिस मडगावचा ट्रंपेटवाला. मुंबईच्या हॉटेलांत त्या काळी जॅझ वाजवणारे निम्मे लोक आमचेच होते आणि हेच लोक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन, सॅक्सोफोन घेऊन बसायचे. त्यामुळे ही गाणी पहिल्यांदा ऐकतानाही कुठे तरी ऐकल्यासारखी वाटतात. लॉर्नाच्या आवाजात एक धार आहे, दारुड्या नवऱ्याला झापते तेव्हा तो नवरा कोपऱ्यात उभा असलेला दिसतो.

सलग ऐकायचं असेल तर २०१४ च्या 'नाचोंया कुंपासार' सिनेमातली गाणी ओळीनं लावा. याच जोडीची जुनी गाणी नव्यानं वाजवून त्यावर अख्खी गोष्ट रचलीय. पण मूळ रेकॉर्डिंग आधी हां, सिनेमा नंतर.

चौथीसीट
@मांडवीपार, 'बेबदो' आज दुपारी ऑफिसातच लावलं आणि पाय हलायला लागले. शब्द अर्धे कळतात.

मांडवीपार
अर्धे पुरेत. उरलेल्यासाठी आहे ना ट्रंपेट.

धुनी
कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं कुणी कशी नाही सुचवली अजून? 'उड जायेगा हंस अकेला', 'सुनता है गुरु ग्यानी' आणि वसुंधराताईंबरोबरचं 'निर्भय निर्गुण'. ही एका बैठकीत, ओळीनं ऐका.

१९४८ साली क्षयाच्या आजारपणात कुमारजी देवासला आले. गाणं बंद, डॉक्टरांची सक्त ताकीद. पुढची काही वर्षं अंथरुणावर पडून खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं आणि नाथपंथी जोग्यांची भजनं कानावर पडत राहिली. पुन्हा गायला लागले ते जवळजवळ एका फुफ्फुसाच्या जोरावर. लोक म्हणतात त्यांच्या छोट्या छोट्या फेका त्यामुळेच आल्या. मला हे स्पष्टीकरण फार सोपं वाटतं. दम कमी असलेला माणूस सूर जपून वापरतो. कुमारजी तर तो भिरकावतात आणि मग थांबतात, तुम्ही तो झेललात की नाही ते बघायला. या भजनांतलं ते थांबणंच ऐकण्यासारखं आहे. तंबोरे मोठे ठेवलेले आहेत, त्यामुळे गाणं थांबलं तरी पोकळी वाटत नाही.

एकच अडचण, हे लोकलमध्ये ऐकू नका. त्या थांबलेल्या जागेत 'पुढील स्टेशन मुलुंड' घुसतं.

ठेकेदार
@धुनी +१. आणि तंबोऱ्यांबद्दल बोललात ते फार बरं झालं. साध्या इअरफोनवर निम्मा तंबोरा जातो.

निळीगिटार
मी इथला बहुधा सर्वांत लहान. माझ्याकडून 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा (गिटारचाच एक प्रकार) आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रण झालं, दोघांची ओळख त्याच्या थोडंच आधी झालेली. तालीम वगैरे काही नाही. पुढे ग्रॅमी मिळालं. तबल्याबरोबर आणखी एक तालवाद्य ऐकू येतं, ते कूडरचा मुलगा वाजवतोय, तेव्हा चौदा वर्षांचा होता.

फक्त चार तुकडे, एकूण चाळीसेक मिनिटं. म्हणजे धाग्याच्या अटीत चपखल. दोघंही तारेवर पट्टी सरकवून वाजवतात, त्यामुळे सुरुवातीला कोण कुठला ते कळतच नाही. थोड्या वेळानं कळायला लागतं, भट्टजी मिंडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, बोलतात आणि कूडर मध्येच गप्प बसून एखादाच सूर टाकतो. शेवटचा तुकडा 'इसा लेई', फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं. ना आपलं, ना त्यांचं. फ्यूजन म्हटलं की मी सहसा पळतो, त्यात दोघंही एकमेकांना वेग दाखवत असतात. इथं तसं अजिबात नाही.

पावसाळी_छत्री
कुणी हसू नका, पण 'गारवा'! १९९८. सौमित्रची कविता, मिलिंद इंगळेचं गाणं. आधी कविता, मग गाणं, पुन्हा कविता, त्यामुळे ते क्रमानंच ऐकावं लागतं. अ‍ॅपवर कविता आणि गाण्याची फाटाफूट झाली की नुसता 'ऊन जरा जास्त आहे' म्हणणारा माणूस येतो आणि निघून जातो.

स्पष्टवक्ता
हसलो. 'गारवा' कॉलेजात ऐकायचं आणि कॉलेजातच सोडून यायचं.

रेकॉर्डवाली
@स्पष्टवक्ता, तुमच्याकडे कॅसेट होती हे मात्र कळलं.

चौथीसीट
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचा हिशेब: सकाळी जाताना निळीगिटारचा चर्चवाला अल्बम ऐकला, 'इसा लेई' दोनदा. मिरजकर, तुमची खरखर खरंच दुसऱ्या वेळी गेली. भूप परतीला ऐकतोय आणि ठेकेदारांची माफी मागून सांगतो, मला वीस मिनिटं पुरली. कुमारजी रविवारसाठी राखून ठेवलेत, घरचे बाहेर गेल्यावर.

आता आईसाठी विचारतो. तिला रागदारी 'आ आ' वाटते, नाट्यगीतं ऐकून ऐकून झालीत. देवाचं काहीतरी हवं, पण टाळ कुटणारं नको.

धुनी
'अभंग तुकयाचे'. श्रीनिवास खळ्यांच्या चाली, लताबाईंचा आवाज. 'भेटीलागी जीवा', 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी', 'कन्या सासुराशी जाये'. ऐकायला सोपं, गुणगुणायला गेलं की पंचाईत होते. खळेकाका पुढचा सूर कुठे ठेवतील याचा अंदाज येत नाही आणि ठेवल्यावर वाटतं, दुसरीकडे कुठे असूच शकला नसता. आईंना 'कन्या सासुराशी जाये'पासून लावून द्या, क्रमाचा नियम त्यांना माफ.

ठेकेदार
आणि भीमसेनजींची संतवाणी? ती मैफलीतलीच, टाळ-मृदंगासकट!

रेकॉर्डवाली
लताबाईंचे अभंग की भीमसेनजींचे, यावर वेगळा धागा काढा. इथं सुरू झालं तर त्या माउलींना काय लावायचं ते राहूनच जाईल.