मदत हवी आहे: किडनीतली गाठ साधी असल्याचं बायोप्सी सांगते, कितपत विसंबावं? (नागपूर)

मानेवाडाकर:

नमस्कार. आईसाठी विचारते आहे. वय 66, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) 1.5. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, त्यात उजव्या किडनीत गाठ दिसली. सीटीत 2.8 सेंमीची भरीव गाठ, आत चरबी नाही. लघवीत रक्त नाही, दुखणं नाही.

पहिले यूरॉलॉजिस्ट म्हणाले, गाठ आणि भोवतालचा किडनीचा थोडा भाग काढून टाकू. दुसऱ्यांचं म्हणणं असं की 4 सेंमीपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी निघते, आणि यांची किडनी आधीच कमजोर आहे, तेव्हा आधी तुकडा तपासू. आम्हाला ते पटलं. सुई घालून तुकडे काढले, आईला फार त्रास झाला नाही.

रिपोर्ट आला: ऑन्कोसायटिक निओप्लाझम, बहुधा ऑन्कोसायटोमा (म्हणजे साधी गाठ), क्रोमोफोब कार्सिनोमा (किडनीचा एक कॅन्सर) पूर्णपणे नाकारता येत नाही.

आता इथेच अडलंय. वाचून आणि डॉक्टरांना विचारून मला एवढं समजलं की बायोप्सीने कॅन्सर सांगितला तर तो सहसा खराच असतो. 'साधी गाठ' या उत्तराचं मात्र तसं नाही. अँजिओमायोलिपोमा, म्हणजे दुसऱ्या प्रकारची साधी गाठ, असता तर एचएमबी-45 या पेशी ओळखायच्या रंगाने बहुतेक निकाल लागला असता. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब दोन्ही किडनीतल्या एकाच प्रकारच्या पेशींशी नातं सांगतात, सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसू शकतात, आणि सुईत येतो तो गाठीचा एवढासा धागा. उरलेल्या गाठीत काय आहे हे कोण सांगणार?

पुण्याचा दादा म्हणतो, शंका आहे तर काढून मोकळे व्हा. आई म्हणते, "मी चांगली हिंडून फिरून राहिली, मले कशाले कापता?" तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. ऑपरेशननंतर किडनी आणखी खालावली आणि गाठ साधीच निघाली, तर तिला काय सांगू? उलट थांबलो आणि ती क्रोमोफोब असली तर?

अशा रिपोर्टवर नुसतं लक्ष ठेवायला कोणी थांबलंय का? आणि हा रिपोर्ट आणखी पक्का करून घेता येतो का?

सूक्ष्मदर्शी:

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइड न पाहता निदान सांगणार नाही, पण रिपोर्ट नक्की पुढे नेता येतो.

इम्युनो, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी, केलं आहे का ते आधी बघा. सीडी-117 या दोन्हींत पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही. सीके-7 महत्त्वाचा. तुरळक पेशींत दिसला तर कल ऑन्कोसायटोमाकडे, सगळीकडे पसरलेला असला तर क्रोमोफोबकडे. मधल्या केसेस असतात, आणि अशा वेळी 'नाकारता येत नाही' असं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिक आहे, रिपोर्ट खराब आहे असं समजू नका.

किडनीच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं तर स्लाइडसोबत ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. नवे रंग करायचे तर ब्लॉकच लागतो, आणि नुसत्या स्लाइड घेऊन मुंबईपर्यंत गेलेले बरेच जण त्यासाठी अडतात. किती तुकडे मिळाले होते तेही विचारा. दोन चांगले तुकडे आणि एक तुटका तुकडा यांत भरवशाचा मोठा फरक आहे.

घाईचं म्हणाल, तर 3 सेंमीच्या आतल्या गाठी बहुधा सावकाश वाढतात, आणि एवढा क्रोमोफोब असला तरी लगेच पसरणं विरळा. त्यामुळे नीट चौकशी करायला वेळ आहे. नंतरच्या तपासणीत गाठ थोडी वाढलेली दिसली तर तेवढ्यावरून कॅन्सर धरू नका, ऑन्कोसायटोमाही वाढतो.

घरात कोणाला किडनीच्या गाठी, चेहऱ्यावर बारीक पांढरट पुटकुळ्या किंवा आपोआप फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशी लक्षणं असलेल्या एका आनुवंशिक आजारात ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब दोन्हींचं मिश्रण असलेल्या गाठी होतात, मग विचार वेगळा करावा लागतो.

वर्धाकर:

आमच्या बाबांचा रिपोर्ट असाच होता. डॉक्टरांनी ठरावीक अंतराने स्कॅन करत राहू म्हटलं. क्रिएटिनिनमुळे सीटीचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) टाळून एमआरआय करतात. काकूंच्या बाबतीत नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) नक्की विचारा. थांबायचं तर तपासण्या चुकवायच्या नाहीत, हे मात्र घरात सगळ्यांना पटलेलं हवं.

मानेवाडाकर:

दोघांचे मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला, सीके-7 पुढे 'तुरळक पेशींत पॉझिटिव्ह' लिहिलंय. तुकडे दोन. घरात तसा आजार कोणाला नाही. दादाला हे सगळं वाचून दाखवते आहे.

सूक्ष्मदर्शी, ब्लॉक मागायला पेशंटने स्वतः जावं लागतं का, की आईच्या सहीचा अर्ज चालेल?

सूक्ष्मदर्शी:

सहसा अर्ज चालतो. आईंच्या आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत न्या, आणि लॅबला आधी एक फोन करा. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.