मदत हवी आहे: निबंध 'वर्णनात्मक' म्हणून परत आलाय, नेमकं काय बदलू?

अर्धविराम
इतिहासाचा निबंध परत आला. शेरा एवढाच: 'वर्णनात्मक. विश्लेषण कुठे आहे?' माहिती सगळी बरोबर आहे, सनावळ्या दोनदा तपासल्यात, नऊ संदर्भ दिलेत. आणखी माहिती घालू की आहे तीच वेगळ्या क्रमाने मांडू? सोमवारी परत द्यायचाय, लवकर सांगा प्लीज.

तळटीप
प्रश्न शब्दशः टाका. शब्दमर्यादा किती? आणि तुमचा पहिला परिच्छेद इथे चिकटवा. त्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

रेघोटी
प्रश्न कुठलाही असो, पाच परिच्छेदांचा साचा घ्या. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मुद्दा, मग पुरावा. साच्यात बसवलंत की विश्लेषण आपोआप दिसायला लागतं.

तळटीप
रेघोटी, असहमत. तीन मुद्दे शेजारी शेजारी ठेवले की यादी होते, युक्तिवाद होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदाची अदलाबदल करून पाहा. निबंधाला काहीच फरक पडला नाही तर ती यादीच.

रेघोटी
सोमवारपर्यंत वेळ असलेल्या माणसाला हाताशी काहीतरी धरायला हवं. ६००-८०० शब्दांच्या निबंधाला साचा पुरतो. अदलाबदलीची कसोटी मान्य, पण ती खर्डा झाल्यावरची.

कागदफूल
संदर्भ कुठल्या पद्धतीने दिलेत? इतिहासात बहुतेक ठिकाणी शिकागो पद्धतीच्या तळटिपा चालतात. समाजशास्त्र, मानसशास्त्रात एपीए, म्हणजे कंसात लेखक आणि वर्ष. साहित्यात एमएलए, कंसात लेखक आणि पान. एकाच निबंधात दोन पद्धती मिसळल्या की गुण जातात.

अर्धविराम
संदर्भांवर शेरा नाहीये हो. प्रश्न असा होता: 'फ्रेंच राज्यक्रांतीला आर्थिक संकट कितपत जबाबदार होते?' मर्यादा १५०० शब्द. माझी सुरुवात:

'अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये अनेक आर्थिक समस्या होत्या. राजाचा खजिना रिकामा झाला होता आणि जनता उपाशी होती. या सर्व कारणांमुळे १७८९ मध्ये क्रांती झाली.'

पुढे कर्ज, करपद्धती, १७८८ चं बुडालेलं पीक, महागाई, इस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा), बॅस्टिलच्या तुरुंगावरचा हल्ला असं क्रमाने.

तळटीप
आता बोलता येईल. प्रश्नात 'कितपत' आहे आणि तुमच्या उत्तरात तो शब्दच नाही. 'कारणे सांगा' असं विचारलेलं नाही, वाटा ठरवायला सांगितलाय. तुम्ही क्रम सांगितलात. क्रमाने सांगितलेली खरी माहिती म्हणजे वर्णन, म्हणून तो शेरा.

दुसरं. 'खजिना रिकामा झाला होता आणि जनता उपाशी होती' हे वाक्य पुन्हा वाचा. त्या 'आणि'मध्ये तुमचा निबंध अडकलाय. ही दोन वेगळी संकटं आहेत. तिजोरीचं संकट आलं युद्धांच्या कर्जातून, त्यात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला केलेली मदतही आली. १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भाग कर्जापोटीच जात होता. करसुधारणेला १७८७ मध्ये मान्यवरांच्या सभेने, म्हणजे राजानेच बोलावलेल्या बड्या सरदार-धर्मगुरूंनी, साथ दिली नाही, आणि शेवटी १६१४ नंतर कधीच न भरलेली इस्टेट्स जनरल राजाला बोलवावी लागली. भुकेचं संकट आलं १७८८ च्या गारपिटीतून आणि बुडालेल्या पिकातून. पहिल्याने सत्तेचं दार उघडलं, दुसऱ्याने त्या दारापाशी गर्दी आणली. हे वेगळं काढलंत की दावा हाताला लागतो.

आता एक परिच्छेद जवळून बघू. तुम्ही साधारण असं लिहिलं असणार:

'१७८८ मध्ये पीक बुडाले. पावाचे भाव वाढले. लोक संतापले आणि रस्त्यावर उतरले.'

त्याऐवजी:

'पावाची महागाई फ्रान्सला नवी नव्हती. १७७५ मध्येही धान्याच्या भावावरून दंगे उसळले, पण राजसत्ता हलली नाही. १७८९ मध्ये तीच भूक वेगळी ठरली, कारण या वेळी राजाचा दरबार असलेल्या व्हर्सायमध्ये इस्टेट्स जनरलचे प्रतिनिधी जमलेले होते आणि रस्त्यावरच्या रागाला राजकीय मागणीचे रूप घेता येत होते.'

माहितीत भर फक्त १७७५ ची. बाकी सगळं काम तुलनेने केलं: कारण एकच, परिणाम दोन, मग फरक कशाने पडला?

पानगळ
पण ज्ञानोदयाच्या विचारवंतांशिवाय क्रांतीची चर्चा अपुरी आहे. रूसो, माँतेस्क्यू, व्होल्तेअर यांच्यावर निदान दोन परिच्छेद हवेत.

तळटीप
पानगळ, प्रश्न आर्थिक संकटाचा वाटा विचारतोय. विचारवंतांचा उल्लेख 'इतर घटक' म्हणून दोन-तीन वाक्यांत पुरे. तिथे दोन परिच्छेद दिले तर तेवढे शब्द मूळ दाव्यातून जातात.

पानगळ
वाटा ठरवायचा तर दुसऱ्या बाजूला काहीतरी ठेवायला नको का? एकटं वजन कशाशी तोलणार?

निरंजनी
पानगळ यांचा हा मुद्दा रास्त आहे, पण पारड्यात विचारवंतांपेक्षा ब्रिटन ठेवा. अर्थव्यवस्थेच्या मानाने ब्रिटनवरचं कर्ज फ्रान्सपेक्षा जास्त होतं, तरी तिथे क्रांती झाली नाही. म्हणजे नुसतं कर्ज हे कारण पुरत नाही. तिथे करांना संसदेची मंजुरी होती, त्यामुळे सावकारांचा विश्वास होता आणि कर्ज स्वस्त पडत होतं. फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरूंच्या करसवलतींना हात लावायला राजाकडे अशी यंत्रणाच नव्हती. हा तुमचा प्रतिवाद. तो शेवटच्या परिच्छेदात 'काहींच्या मते' म्हणून उरकू नका. मधे आणा आणि त्याने दावा बदलू द्या.

रेघोटी
प्रतिवाद मधे आणला की नवख्याचा निबंध भरकटतो. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ठेवा.

निरंजनी
भरकटतो, जर दावा आधीच पक्का करून टाकला असेल तर. इथे प्रतिवादातूनच दावा धारदार होतोय, मग तो उशिरा का?

अर्धविराम
थांबा, जमतंय का बघा. नवा दावा: 'फ्रेंच राज्यक्रांतीत आर्थिक संकटाने अत्यंत महत्त्वाची भूमिका बजावली, तथापि इतर घटकही तितकेच महत्त्वाचे होते.'

तळटीप
नाही. याला विरोध कोण करेल? कोणीच नाही, म्हणजे तो दावा नाही. 'महत्त्वाची भूमिका बजावली' हे शब्द जिथे दिसतील तिथे खोडा आणि स्वतःला विचारा: कोणती भूमिका, कशावर, कशाच्या आधी? तीन उत्तरं मिळाली की तेच वाक्य.

अर्धविराम
'तिजोरीच्या संकटामुळे राजाला इस्टेट्स जनरल बोलवावी लागली, पण त्या संकटाची क्रांती झाली ती विशेषाधिकारांना हात लावू न शकणाऱ्या राज्ययंत्रणेमुळे. भुकेने क्रांती घडवली नाही, तिला वेग दिला.'

निरंजनी
हा दावा आहे. 'भुकेने घडवली नाही' यावर कोणीही भांडेल, म्हणून तिथेच पुरावा सगळ्यात घट्ट लागेल. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला पॅरिसला यावं लागलं. हा प्रसंग तुमच्या विरुद्ध जातो. तो वगळू नका, त्याला उत्तर द्या: तोवर इस्टेट्स जनरलमधूनच राष्ट्रीय सभा उभी राहिलेली होती.

रेघोटी
शब्दांची वाटणी करून घ्या. प्रस्तावना १५० (दावा तिच्या शेवटच्या वाक्यात), तिजोरी ३५०, ब्रिटनशी तुलना ३००, भूक ४५०, इतर घटक १००, समारोप १५०. आता पाच परिच्छेदांचा हट्ट धरत नाही, भुकेचे दोन करावे लागतील.

अर्धविराम
बॅस्टिलचा परिच्छेद २०० शब्दांचा आहे, तो यात कुठेच बसत नाही. आणि नऊच्या नऊ संदर्भ ठेवू का?

तळटीप
बॅस्टिल काढा. १४ जुलैला काय झालं हे वाचणाऱ्याला माहीत आहे. संदर्भांपुढे पेन्सिलने लिहा की तो कुठल्या वाक्याला आधार देतो. ज्याच्यापुढे वाक्य लिहिता येत नाही तो गेला. मग छापील खर्ड्याच्या समासात प्रत्येक परिच्छेदाचा मथितार्थ एका ओळीत लिहा. ती ओळ 'काय झालं' सांगत असेल तर परिच्छेद अजून वर्णनच आहे, 'म्हणून काय' सांगत असेल तर पुढे चला. प्रस्तावना सगळ्यात शेवटी पुन्हा लिहा, कारण भुकेचा भाग लिहिताना दावा थोडा सरकेल.

अर्धविराम
नऊपैकी पाच उरले. भुकेच्या भागापासून सुरू करते, रात्री समासातल्या ओळी इथे टाकते.