शब्दचर्चा: तरुकू की तारोको?

प्रश्न: तैवानवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. त्यात दरीला 'तारोको' म्हटलंय आणि तिथल्या आदिवासींना 'त्रुकू'. मधेच एका जुन्या पुस्तकातला उतारा येतो, त्यात माणसंही 'तारोको'च आहेत. नावं दोन की एकच? आणि मराठीत काय लिहावं?

उत्तर: मुळात नाव एकच. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमुळे. 1895 ते 1945 तैवान जपानकडे होतं. जपानी लिपीत दोन व्यंजनं अशी जोडून लिहिता येत नाहीत, म्हणून नोंदी झाल्या 'तारोको' आणि 'तोरोको'. चिनी अक्षरांत त्याचं झालं 'ताइलुग'. इंग्रजीने जपानी रूप उचललं आणि दरीसाठी ते कायम राहिलं. 1986 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान तारोको, 2021 च्या भीषण अपघातातली रेल्वेगाडीही तारोको.

लोक मात्र स्वतःचं नाव रोमन लिपीत टी-आर-यू-के-यू असं लिहितात, आणि आजच्या इंग्रजीत त्यांच्यासाठी तेच वापरतात. त्याला अनेकवचनाचा एस लावत नाहीत. तेव्हा जागेला तारोको आणि माणसांना त्यांचं स्वतःचं नाव, हा भेद मराठीतही पाळावा असं मला मनापासून वाटतं. 1914 मध्ये तैवानचे जपानी गव्हर्नर-जनरल साकुमा यांनी याच लोकांवर मोठी लष्करी मोहीम काढली. पुढे त्यांना डोंगरातली गावं सोडून खाली यावं लागलं. त्या राजवटीच्या दफ्तरातलं रूप दरीला चिकटलंय ते असो, माणसांना तरी ते लावू नये.

आता लेखनाचं. या लोकांच्या भाषेत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि त्याआधीचा स्वर इतका पुसट होतो की रोमन लिपीत तो लिहीतच नाहीत. चेहऱ्यावरच्या गोंदणाला 'पतासान' म्हणतात, पण लिहिताना पी आणि टी लगोलग येतात. आपल्या नावातही टी आणि आर यांच्यामध्ये असाच एक पुसट 'अ' आहे. देवनागरीत तो व्यंजनातच असतो! म्हणून 'त्रुकू'पेक्षा 'तरुकू' उच्चाराला जवळचं. 'ट्रुकू' तर नकोच, तो ट इंग्रजी वाचनातून येतो.

दुसरा प्रश्न: पण सेदिक लोकांमध्येही तरुकू असतात असं वाचलंय. मग तरुकू ही जमात की पोटजमात?

उत्तर: इथे खरी काळजी घ्यायला हवी. तगदाया, तोदा आणि तरुकू हे तीन जवळचे गट. जुन्या वर्गीकरणात तिघांनाही अतायाल जमातीत घातलं होतं. तरुकूंचं मूळ ठाणं मध्य पर्वतरांगेच्या पश्चिमेला, आजच्या नान्तो जिल्ह्यात. तिथून काही जण काही शतकांपूर्वी रांग ओलांडून पूर्वेला ह्वालिएन जिल्ह्याच्या बाजूला उतरले. जानेवारी 2004 मध्ये तैवान सरकारने 'तरुकू' ही स्वतंत्र जमात मान्य केली, आणि एप्रिल 2008 मध्ये 'सेदिक'. त्यामुळे ह्वालिएनचे बहुतेक जण कागदोपत्री तरुकू, तर नान्तोमधले तरुकू हे सेदिक जमातीतला एक गट. चिनीत या दुसऱ्या गटासाठी अक्षरंही वेगळी आहेत, उच्चार साधारण 'देलुगू'. इंग्रजीत मात्र स्पेलिंग एकच, म्हणून वाचणारा गोंधळतो. 'सेदिक' म्हणजे माणूस. तोच शब्द तरुकू बोलीत 'सेजिक' होतो. कुठल्या नावाखाली मोजलं जावं यावर खुद्द त्या लोकांत बरीच वादावादी झाली, घराघरांत मतं वेगळी होती. तेव्हा 'तरुकू हे खरं तर सेदिकच' असलं वाक्य अनुवादकाने आपल्या पदरचं घालू नये. लेख ह्वालिएनबद्दल आहे की नान्तोबद्दल तेवढं बघा आणि जिल्ह्याचं नाव सोबत द्या.

तिसरा प्रश्न: जुन्या उताऱ्यातलं 'तारोको' बदलू का?

उत्तर: बदलू नका. अवतरण आहे तसंच ठेवा, कारण तेव्हा लोकांना काय म्हणत होते हेही वाचकाला कळायला हवं. तळटीपेत 'म्हणजे तरुकू लोक' एवढं पुरे. स्वतःच्या वाक्यांत मात्र पहिल्या उल्लेखापासून तरुकूच लिहा.